‘काही नाही झालं, दादा’

भातकापणी उरकली की रोहा तालुक्यात कबड्डीचे दिवस येतात. रोहा शहराला लागून असलेलं वरसे असो की धाटावच्या कारखान्यांच्या आसपासच्या वाड्या, संध्याकाळी मैदानावर पाणी मारलं जातं, माती दाबली जाते, फक्कीच्या रेषा पडतात आणि रात्री दिव्यांच्या उजेडात सामने रंगतात. त्यातला एक क्षण जवळून पाहू. कुमार गटातला एक मुलगा उजव्या कोपऱ्यात उभा आहे. चढाईपटू बोनस घेऊन वळतो, हा त्याच्या घोट्यावर झेप घेतो आणि सुटण्यासाठी झटकलेला गुडघा याच्या कानशिलावर बसतो. पकड होते, शिट्टी वाजते, टाळ्या पडतात. मुलगा दोन सेकंद उशिरा उठतो, डोकं झटकतो आणि आपला कोपरा सोडून भलत्याच जागी जाऊन उभा राहतो. प्रशिक्षक रेषेबाहेरून विचारतात, “बरा आहेस ना रे?” तो हात वर करतो. “काही नाही झालं, दादा.” खेळ पुढे चालू.

हा कुठल्या एका सामन्याचा प्रसंग नाही. ज्यांनी दोन-चार हंगाम मैदानाच्या कडेला घालवले आहेत, त्यांनी तो इतक्यांदा पाहिलेला असतो की तो डोळ्यांत भरतच नाही. पण या प्रश्नोत्तरात एक मोठी चूक आहे. घोटा मुरगळला तर आपण मुलाच्या तोंडाकडे पाहत नाही, घोटा दाबून पाहतो. डोक्याला लागलं की मात्र ज्या अवयवाला मार बसला, त्यालाच विचारतो की तुला मार बसला का. आणि तो देईल ते उत्तर खरं मानून मोकळे होतो.

आपल्या भाषेत या दुखापतीला चांगला शब्द आहे: मुका मार. खोक नाही, रक्त नाही, कधी कधी टेंगूळसुद्धा नाही. डॉक्टर याला कन्कशन म्हणतात. आत काय होतं ते समजायला डब्यातला खरवस आठवा. डबा झटक्यात फिरवून एकदम थांबवला तर डबा थांबतो, खरवस आतल्या आत सरकत राहतो आणि कुठे कुठे ताणला जातो. मेंदूचंही तसंच होतं. सरळ धक्क्यापेक्षा डोकं गर्रकन फिरवणारा धक्का जास्त वाईट, आणि कबड्डीतल्या पकडीत असे धक्के भरपूर. ताणलेल्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. विस्कटलेली घडी पुन्हा बसवायला पेशींना जास्त साखर हवी असते, नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो. मागणी वाढलेली आणि पुरवठा घटलेला, असे काही दिवस जातात. त्या दिवसांत दुसरा फटका बसला तर नुकसान फार मोठं होऊ शकतं. कोवळ्या वयात क्वचित प्रसंगी मेंदूला झपाट्याने सूज येऊन मूल दगावतं.

दोन गैरसमज इथेच बाजूला करू. पहिला, शुद्ध हरपली तरच काही झालं असं मानण्याचा. दहा कन्कशनमध्ये एखाद्यातच खेळाडू बेशुद्ध होतो. बाकीचे उभे असतात, बोलत असतात, खेळतही असतात. दुसरा गैरसमज सीटी स्कॅनचा. घरचे लोक धावपळ करून स्कॅन करून आणतात, ‘नॉर्मल’ हा शब्द वाचून देवापुढे साखर ठेवतात आणि मुलगा पुढच्या रविवारी मैदानात असतो. स्कॅन रक्तस्राव आणि कवटीचं हाड पाहतो. कन्कशन हा पेशींच्या कामकाजातला बिघाड आहे, तो त्या चित्रात दिसत नाही. स्कॅन साफ आला म्हणजे शस्त्रक्रियेची गरज नाही एवढंच कळलं. मेंदू खेळायला तयार आहे असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

आपल्या राज्यातलं सर्वांनी पाहिलेलं उदाहरण ३१ जानेवारी २०२५ चं. पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी सामना होता. भारताच्या डावाच्या शेवटच्या षटकात जेमी ओव्हर्टनचा चेंडू शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला. फिजिओने तपासलं, दुबे उरलेला चेंडू खेळला आणि डाव संपल्यावर डोकं दुखत असल्यामुळे तो बाहेर बसला. त्याच्या जागी आलेल्या हर्षित राणाने तीन बळी घेतले, भारत जिंकला आणि पुढचे कित्येक दिवस एकाच मुद्द्यावर वाद चालला: फलंदाजी करणाऱ्या अष्टपैलूऐवजी वेगवान गोलंदाज कसा चालतो? वाद रास्त होता. पण मला खटकलं ते वेगळंच. लाखो घरांत त्या रात्री कन्कशन हा शब्द पोहोचला, आणि तो डोक्याविषयी न राहता नियमाच्या पळवाटेविषयीचा झाला. फलंदाजाला तपासायचं म्हणजे नेमकं काय करतात, हे कुणी सांगितलंच नाही.

ते सांगायला थोडं मागे जावं लागतं. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅडॉक्स यांनी तिथल्या फुटबॉलपटूंवर एक साधी गोष्ट तपासली. डोक्याला लागलेल्या खेळाडूला लोक विचारायचे: तुझं नाव काय, आज वार कोणता? यांची उत्तरं कन्कशन झालेला खेळाडूही बरोबर देतो, कारण ती खोलवर रुजलेली माहिती असते. अडखळतो तो ताज्या आठवणींवर. म्हणून मॅडॉक्स यांनी प्रश्नच बदलले. आपल्या मैदानावर ते असे विचारता येतील: आपण कोणत्या गावच्या मैदानावर आहोत? पूर्वार्ध चालू आहे की उत्तरार्ध? शेवटचा गुण कुणी घेतला? याआधीचा सामना कुणाशी झाला? तो आपण जिंकलो का? पाच प्रश्न, अर्धं मिनिट. एक जरी उत्तर चुकलं तरी मुलाने बाहेर यायचं. इथे मुलाचं ‘बरा आहे’ हे मत कुणी विचारत नाही; उत्तर बरोबर की चूक हे गुणफलक सांगतो.

वस्तुनिष्ठ चाचणी म्हणतात ती हीच. खेळाडूला काय वाटतं यावर न विसंबता, तो काय करू शकतो ते मोजायचं. क्रीडावैद्यकातल्या तज्ज्ञांची कन्कशनवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २००१ साली व्हिएन्नात भरली. पुढे प्राग, झुरिक, बर्लिन असं करत २०२२ मध्ये ती ॲमस्टरडॅमला भरली आणि तिच्यातून ‘स्कॅट-६’ हा तपासणीचा आराखडा आला. तेरा वर्षं आणि त्यापुढच्या खेळाडूंसाठी एक, आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी वेगळा. डॉक्टर किंवा प्रशिक्षित फिजिओने शांतपणे करायची ही तपासणी आहे. दहा-पंधरा मिनिटं तरी लागतात आणि दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन दिवसांत तिचा उपयोग सर्वाधिक. ज्यांना वैद्यकीय शिक्षण नाही, अशा प्रशिक्षक-पालक-पंचांसाठी ‘सीआरटी-६’ हे छोटं पत्रक आहे. त्यातून निदान होत नाही, संशय घ्यायला शिकता येतं. गावच्या मैदानाला तेवढंही पुष्कळ आहे.

स्कॅटमध्ये स्मरणाची चाचणी असते: दहा शब्द ऐकवायचे, लगेच म्हणून घ्यायचे, असं तीनदा, मग पाचेक मिनिटं दुसऱ्या कामात गुंतवून पुन्हा विचारायचे. लक्ष टिकतं का ते पाहायला आकडे उलट क्रमाने आणि महिने मागून पुढे म्हणायला लावतात. लहानांच्या आवृत्तीत महिन्यांऐवजी वार असतात: रविवार, शनिवार, शुक्रवार... करून पाहा, निरोगी डोक्यालाही जरा जोर लावावा लागतो.

मला यातली सर्वांत बोलकी वाटते ती तोल पाहण्याची चाचणी. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी ती बेतली. हात कमरेवर, डोळे मिटलेले, वीस सेकंद. आधी दोन्ही पाय जोडून, मग कमी वापरातल्या एका पायावर, मग एका पायाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं टेकवून. कमरेवरचा हात सुटला, डोळे उघडले, पाऊल टाकलं, टाच किंवा चवडा उचलला, लडखडला, की एक चूक. एका स्थितीत जास्तीत जास्त दहा चुका धरतात. या चाचणीला महागडं यंत्र लागत नाही, बूटही नको, आणि आपली मुलं मातीवर अनवाणीच खेळतात. दुसरी चाचणी चालण्याची: तीन मीटरच्या रेषेवर टाचेला बोटं लावत जायचं, वळायचं, परत यायचं, वेळ मोजायची. रेषा मैदानावर फक्कीने आखलेल्याच असतात. एक मात्र सांभाळायचं. दमलेल्या अंगाने तोल जातोच, म्हणून मुलाला पंधरा-वीस मिनिटं बसवून मगच ही तपासणी करावी. आणि तेवढ्या वेळात त्याला मैदानात सोडू नये.

मिशिगन विद्यापीठातले डॉ. जेम्स एकनर यांनी तर जवळपास फुकटातलं साधन काढलं. लांब दांडी, तिच्या टोकाला आइस हॉकीची जड चकती. दांडी सोडायची, खेळाडूने ती पकडायची, किती सेंटिमीटर घसरली ते वाचायचं. आपल्या शाळेत मीटरपट्टी असते, तिच्याने हेच होतं. मुलाचा हात टेबलाच्या कडेवर, बोटं शून्याच्या खुणेभोवती, न स्पर्श करता. पट्टी न सांगता सोडा. २० सेंटिमीटरवर पकडली तर प्रतिसादाला सेकंदाचा पाचवा भाग लागला. ३० वर पकडली तर पाव सेकंद. म्हणजे सेकंदाचा विसावा भाग इतका बारीक फरक पट्टीवर दहा सेंटिमीटर होऊन समोर दिसतो. आठ वेळा सोडायची, सरासरी लिहायची. कन्कशननंतर ही सरासरी वाढलेली सापडते, आणि ‘मी बरा आहे’ असं कितीही ठासून सांगितलं तरी पट्टी ऐकत नाही.

डोळ्यांच्या चाचण्याही याच जातीच्या. मेंदूचे कितीतरी भाग डोळे हलवण्याच्या कामाला जुंपलेले असतात, त्यामुळे बिघाड तिथे लवकर उमटतो. १९७६ साली मुलांच्या वाचनातल्या अडचणी शोधायला ॲलन किंग आणि स्टीव्हन डेव्हिक यांनी तीन कार्डं बनवली होती. त्यांवरचे विखुरलेले आकडे भराभर मोठ्याने वाचायचे. साडेतीन दशकांनी ती मुष्टियुद्धाच्या रिंगणाबाहेर वापरली गेली आणि दिसलं की डोक्याला मार बसलेल्यांचा वेळ वाढतो. पिट्सबर्गच्या संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलेल्या तपासणीत पेनाच्या टोकासारखी खूण नाकाकडे आणत जातात. एकाची दोन कुठे दिसू लागली ते अंतर मोजतात. पाच सेंटिमीटरपेक्षा लांबच दोन दिसू लागली तर खटकायला हवं.

याच्या पुढची साधनं आपल्या मैदानापासून अजून दूर आहेत, पण माहीत असावीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये रक्तातली दोन प्रथिनं मोजणाऱ्या चाचणीला मान्यता दिली. ती प्रौढांसाठी आहे आणि स्कॅनची गरज आहे का एवढंच ठरवते. कन्कशनचा निवाडा करत नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठाने २०२१ मध्ये लाळेतल्या आरएनएच्या खुणांवरून रग्बीपटूंमधलं कन्कशन ओळखून दाखवलं, तेही प्रौढ, व्यावसायिक, पुरुष खेळाडूंत. दातांवर बसवायच्या कवचात संवेदक घालून डोक्याचा झटका मोजण्याचं तंत्र जागतिक रग्बीत २०२४ पासून मोठ्या सामन्यांत आलं. ते धक्का मोजतं. धक्क्याने मेंदूचं काय झालं, हे माणसालाच तपासावं लागतं. मुलांसाठी एकाच ठोक्यात ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगणारं यंत्र आज नाही. म्हणूनच स्मरण, तोल, डोळे, प्रतिसाद असे चार-पाच धागे एकत्र धरावे लागतात.

आता अडचण वरशाच्या मैदानाची. या चाचण्यांचे ठरलेले आकडे बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या खेळाडूंवरून आले आहेत. तिथल्या दहा शब्दांच्या यादीचं शब्दशः भाषांतर करून चालत नाही. शब्द ओळखीचे, लहान आणि एकमेकांशी संबंध नसलेले हवेत. कंदील, पेरू, दोरी, ढग, सुई, बैल, आरसा, पायरी, मीठ, पूल. अशा तीन-चार याद्या हव्यात, नाहीतर मुलं एकच यादी पाठ करतात. घरी बनवलेल्या यादीला ‘इतके शब्द आठवले म्हणजे ठीक’ असा जागतिक आकडा लावता येत नाही. मग तुलना कुणाशी करायची? त्याच मुलाशी. हंगामाआधी, डोकं धड असताना, त्याला किती शब्द आठवले, तोलात किती चुका झाल्या, पट्टी किती घसरली, हे एका वहीत लिहून ठेवायचं. ॲमस्टरडॅमच्या तज्ज्ञांनी अशी आधीची नोंद उपयोगी म्हटली आहे, सक्तीची केलेली नाही. माझं मत त्यांच्यापेक्षा एक पाऊल पुढे आहे: जिथे भाषेचे स्वतःचे आकडेच नाहीत, तिथे ही नोंद हाच एकमेव आधार. अमेरिकेत काही खेळाडू पुढे सुटका व्हावी म्हणून ही पहिली चाचणी मुद्दाम वाईट देतात. आपल्या मुलांना आधीच समजावून सांगितलं, तर ही वेळ येऊ नये.

या वहीचा उपयोग मात्र एकाच दिशेने करायचा. आकडे बिघडलेले दिसले तर मुलगा बाहेर. आकडे चांगले आले, म्हणून मुलाला आत पाठवायचं नाही. ते ठरवणं डॉक्टरांचं काम. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथला जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर लागला. तो बाहेर गेला, चाचण्या उत्तीर्ण झाला, परत येऊन फलंदाजीही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षणं उमटली, पुन्हा तपासणी झाली आणि मार्नस लाबुशेन हा कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू ठरला. जगातले उत्तम डॉक्टर कडेला असताना असं होतं, म्हणून त्या दिवशी संशय आला की त्या दिवशी खेळ बंद. कबड्डीत ते अवघडही नाही. बारा जणांचा संघ असतो, सात आत, पाच बाहेर तयार बसलेले.

काही खुणा दिसल्या तर चाचण्यांत वेळ घालवायचाच नाही. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका येणं, गुंगी वाढत जाणं, एकाची दोन दिसणं, मान दुखणं, हातापायाला मुंग्या किंवा लुळेपणा. अशा मुलाला चार जणांनी उचलून कडेला नेऊ नका, मान स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करा. रमण लांबा हा भारताचा खेळाडू फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात हेल्मेट न घालता फलंदाजाच्या अगदी जवळ उभा होता. चेंडू डोक्याला लागला, तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर चालत गेला, आणि तीन दिवसांनी गेला. तो कवटीच्या आतला रक्तस्राव होता. सुरुवातीच्या मिनिटांत तो आणि साधा मुका मार यांच्यात बाहेरून फरक दिसत नाही.

साध्या मुक्या मारातून बहुतेक मुलं बरी होतात. मोठ्यांना दोन आठवडे, मुलांना चार आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. पहिले एक-दोन दिवस विश्रांती आणि मोबाइल कमीत कमी. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर झोपवून ठेवण्याची जुनी पद्धत आता सोडून दिली आहे. हलकं चालणं लवकर सुरू केलेलं बरं. बफेलो विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात हलका व्यायाम करणारी किशोरवयीन मुलं साधारण १३ दिवसांत सावरली, नुसतं अंग ताणण्याचे व्यायाम करणारी १७ दिवसांत. आधी शाळा सुरळीत, मग धावणं, मग पकडीशिवाय सराव, मग डॉक्टरांचा होकार आणि शेवटी सामना. उलट जे मार लागूनही खेळत राहिले, त्यांना लगेच बाहेर काढलेल्यांच्या दुप्पट वेळ लागला: २२ दिवसांऐवजी ४४. हे २०१६ च्या अमेरिकन अभ्यासातले आकडे आहेत. एक सामना वाचवायला गेलेला मुलगा सगळा हंगाम गमावतो तो असा.

कॅनडात ओटावाजवळ रोवन स्ट्रिंगर नावाची १७ वर्षांची मुलगी शाळेच्या संघातून रग्बी खेळायची. मे २०१३ मध्ये काही दिवसांच्या अंतराने तिच्या डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसला. तिने फोनवर कन्कशनची माहिती शोधली होती, मैत्रिणींना तसं कळवलंही होतं. मोठ्यांपैकी कुणाला सांगितलं नाही आणि पुढचा सामना खेळली. त्यात ती गेली. ओंटारिओ प्रांताने २०१८ मध्ये तिच्या नावाने कायदा केला. आपल्याकडे असा कायदा नाही. तो येईपर्यंत गावचं मंडळ, शाळेचे क्रीडाशिक्षक आणि मैदानाच्या कडेला उभे असणारे सगळे दादा, एवढेच या मुलांचे राखणदार आहेत.

तेव्हा हंगाम सुरू होण्याआधी एक संध्याकाळ काढा. शंभर पानी वही, मीटरपट्टी, मोबाइलमधलं घड्याळ. प्रत्येक मुलाला एक पान. गावातल्या किंवा रोह्यातल्या एखाद्या डॉक्टरांना पहिल्या दिवशी बोलवा, चाचण्या त्यांच्याकडून शिकून घ्या, आणि वही प्रथमोपचाराच्या पेटीतच ठेवा, म्हणजे सामन्याच्या रात्री ती शोधावी लागणार नाही.